लिनक्सवर सॉफ्टवेअर पोर्ट करताना बिल्ड अडतं तेव्हा: नेमकं काय सापडत नाही ते ओळखा

बीएसडी, मॅकओएस किंवा विंडोजवर वर्षानुवर्षं सुरळीत चालणारा सोर्स कोड लिनक्सवर आणून, म्हणजे पोर्ट करून, पहिल्यांदा बिल्ड करायला, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्राम बनवायला घेतला की तो सहसा अडतो. शेकडो ओळी सरकून जातात आणि शेवटी एक एरर उरते. मग बरेच जण ती शेवटची ओळ उचलतात, कुठेतरी सुचवलेलं पॅकेज टाकतात, पुन्हा बिल्ड करतात, पुन्हा नवं पॅकेज टाकतात. दोन तासांनी यंत्रावर वीस नवी पॅकेजं असतात, बिल्ड अजूनही अडलेलं असतं आणि त्या विसांपैकी कोणती खरंच लागत होती ते कुणालाच सांगता येत नाही.

डिपेन्डन्सी या एका शब्दाखाली आपण चार निरनिराळ्या गोष्टी ढकलतो, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. बिल्ड चालवायला लागणारी साधनं ही पहिली गोष्ट: मेक, सीमेक, बायसन, पीकेजी-कॉन्फिग वगैरे. दुसरी, कम्पायलरला लागणाऱ्या हेडर फाइल्स, म्हणजे फंक्शन्सच्या घोषणा असलेल्या फाइल्स. तिसरी, कम्पाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला लागणाऱ्या लायब्रऱ्या. चौथी, तयार झालेला प्रोग्राम सुरू होताना त्याला मेमरीत आणणारा लोडर शोधतो त्या लायब्रऱ्या. प्रत्येकाची एरर वेगळी, शोधायची जागा वेगळी आणि उपायही वेगळा. त्यामुळे एरर आली की पॅकेज शोधण्याआधी स्वतःला एकच विचारा: आत्ता कोण, काय, कुठे शोधत होतं?

सुरुवात कोऱ्या जागेतून

रोजच्या यंत्रावर पोर्टिंग करू नका. तिथे आधीच पडलेली पॅकेजं तुमच्या नकळत कामाला येतात आणि तुम्ही बनवलेली यादी दुसऱ्याकडे लागू पडत नाही. पॉडमन किंवा डॉकर वापरून कंटेनर, म्हणजे यंत्रातच एक वेगळी कोरी लिनक्स प्रणाली बनवा; त्यासाठी एखाद्या डिस्ट्रोची (लिनक्सच्या वितरणाची) मूळ प्रतिमा घ्या आणि त्यात फक्त कम्पायलर, मेक आणि पीकेजी-कॉन्फिग टाका. सोर्सच्या फोल्डरमध्येच बिल्ड करण्याऐवजी वेगळं बिल्ड फोल्डर ठेवा. ते निर्धास्तपणे उडवता आलं पाहिजे.

बिल्डचं सगळं आउटपुट 'टी' या आज्ञेतून फाइलमध्येही जाऊ द्या. समांतर बिल्ड बंद करा, म्हणजे मेकला 'डॅश जे १' द्या. नाहीतर चार फाइल्सचे संदेश एकमेकांत मिसळतात. कम्पायलरला नेमकी कोणती आज्ञा गेली ते दिसायला हवं. त्यासाठी ऑटोमेकच्या प्रकल्पात 'व्ही=१', सीमेकच्या मेकफाइलमध्ये 'व्हर्बोज=१' आणि निन्जाला 'डॅश व्ही' द्यायचं. मग लॉग वरून खाली वाचा. कामाची एरर पहिली असते. तिच्यानंतरच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात.

यादी कुणीतरी आधीच केलेली असते

रीडमी फाइलमधल्या यादीवर पूर्ण विसंबू नका, ती बऱ्याचदा जुनी असते. ज्यांनी हे सॉफ्टवेअर पॅकेज केलंय त्यांचं काम पाहा. डेबियनमध्ये ते असेल तर त्याच्या 'कंट्रोल' फाइलमधलं 'बिल्ड-डिपेन्ड्स' हे कलम म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड करून तपासलेली यादी. सोर्सची रिपॉझिटरी चालू केली असेल तर 'एपीटी बिल्ड-डेप' ही सगळी पॅकेजं एका फटक्यात आणतं. फेडोरावर तेच काम 'डीएनएफ बिल्डडेप' करतं. आर्चची 'पीकेजीबिल्ड' फाइल आणि जेन्टूचं 'ईबिल्ड' वाचायला सोपं असतं, तुम्ही ते डिस्ट्रो वापरत नसलात तरी. एकाच लायब्ररीचं नाव कुठल्या डिस्ट्रोत काय आहे ते रिपॉलजी या संकेतस्थळावर कळतं.

फ्रीबीएसडीच्या पोर्टमधून यादी घेत असाल तर एक खाचखळगा आहे. तिथे झेडलिब, एनकर्सेस, लिबएडिट, लिबआर्काइव्ह, ओपनएसएसएल हे सगळं मूळ प्रणालीतच येतं, त्यामुळे पोर्टच्या यादीत त्यांचा उल्लेख नसू शकतो. लिनक्सवर मात्र यातलं प्रत्येक वेगळं पॅकेज आहे. यादीतलं सगळं टाकलं तरी बिल्ड का होत नाही, याचं उत्तर कित्येकदा इथे असतं.

कुणीच पॅकेज केलेलं नसेल तर सोर्सलाच विचारा. सगळ्या फाइल्समधल्या कोनी कंसातल्या 'इन्क्लूड' ओळी ग्रेप या शोधाच्या आज्ञेने काढा, क्रम लावा, पुनरुक्ती काढून टाका. सी भाषेच्या प्रमाणित हेडर्स आणि पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींच्या समान मानकाच्या) हेडर्स वगळल्या की उरतात त्याच तुमच्या डिपेन्डन्सी. ऑटोकॉन्फच्या प्रकल्पात 'पीकेजी_चेक_मॉड्यूल्स' आणि 'एसी_चेक_लिब', सीमेकमध्ये 'फाइंड_पॅकेज', मेसॉनमध्ये 'डिपेन्डन्सी' हे शब्द शोधा. या पंधरा मिनिटांच्या कामामुळे पुढचे कित्येक फेरे वाचतात.

कॉन्फिगर पायरी

कम्पाइल करण्याआधी यंत्रावर काय काय आहे ते तपासणारं कॉन्फिगर 'लायब्ररी नॉट फाउंड' असं म्हणालं म्हणजे लायब्ररी नाहीच असं समजू नका. ज्या पद्धतीने शोधली त्या पद्धतीने सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पीकेजी-कॉन्फिग प्रत्येक लायब्ररीसाठी 'पीसी' शेपटाची एक छोटी मजकूर फाइल शोधतं. हेडर कुठे आहेत, लिंकरला काय सांगायचं, आवृत्ती कोणती, हे तिच्यात लिहिलेलं असतं. 'पीकेजी-कॉन्फिग'ला 'मॉडव्हर्जन' हा पर्याय आणि मॉड्यूलचं नाव देऊन स्वतः विचारून पाहा. आवृत्ती छापली गेली तर लायब्ररी जागेवर आहे आणि घोळ प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये आहे. नाही छापली तर 'पीसी' फाइल यंत्रावर आहे का ते शोधा. वेगळ्या ठिकाणी सापडली तर ते फोल्डर 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' या पर्यावरण-चलात घाला. कधी मागितलेली 'पीसी' फाइल सापडते, पण तिच्या 'रिक्वायर्स' ओळीतली दुसरी सापडत नाही. संदेशात दोन्ही नावं असतात, घाईत आपण फक्त पहिलं वाचतो.

ऑटोकॉन्फचा प्रकल्प असेल तर 'कॉन्फिग.लॉग' उघडा. प्रत्येक तपासणीसाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम आणि त्यावर कम्पायलरने दिलेलं उत्तर त्यात जसंच्या तसं असतं. पडद्यावर नुसतं 'नो' दिसतं. खरं कारण भलतंच असू शकतं, उदाहरणार्थ लायब्ररी आहे पण तिला लागणारी दुसरी लायब्ररी लिंकच्या ओळीत नाही.

'पीकेजी_चेक_मॉड्यूल्स' या ओळीपाशी शेलची सिंटॅक्स एरर आली तर शेलमध्ये चूक शोधू नका. कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्याने बनवणारं 'ऑटोरीकॉन्फ' चालवताना यंत्रावर पीकेजी-कॉन्फिगचे मॅक्रो नव्हते, म्हणून ते नाव न उलगडता तसंच स्क्रिप्टमध्ये उतरलं. पीकेजी-कॉन्फिग टाका आणि 'ऑटोरीकॉन्फ डॅश एफआय' पुन्हा चालवा. जुन्या प्रकल्पात ६४ बिटी आर्म प्रोसेसरवर 'यंत्राचा प्रकार ओळखता येत नाही' असं आलं तर 'कॉन्फिग.गेस' आणि 'कॉन्फिग.सब' या दोन फाइल्स फार जुन्या आहेत. नव्या आणून ठेवल्या की पुरतं.

सीमेक दोन तऱ्हांनी शोधतं: एक 'फाइंड' नावाने सुरू होणाऱ्या मॉड्यूलमधून, दुसरी लायब्ररीने स्वतः ठेवलेल्या 'कॉन्फिग' फाइलमधून. वेगळ्या जागी टाकलेल्या लायब्ररीसाठी 'सीमेक_प्रीफिक्स_पाथ' द्या. नेमकं कुठे कुठे शोधलं ते ३.१७ पासून मिळणारा 'डीबग-फाइंड' पर्याय दाखवतो. आणि एक सापळा जवळजवळ प्रत्येकाला लागतो: आधी न सापडल्याची नोंद सीमेक कॅशमध्ये ठेवतं. नंतर पॅकेज टाकलं तरी ती जुनी नोंद काही वेळा आड येते. बिल्ड फोल्डर काढून टाकून पुन्हा सुरू करा, किंवा ३.२४ पासून असलेला 'फ्रेश' पर्याय वापरा. सीमेक ४.० ने ३.५ पेक्षा जुन्या आवृत्तींशी सुसंगतता काढून टाकली, त्यामुळे जुने प्रकल्प पहिल्याच ओळीला थांबतात. 'सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम' ३.५ देऊन तात्पुरतं पुढे जाता येतं, पण प्रकल्पातली ती ओळ दुरुस्त करणं जास्त चांगलं.

हेडर सापडत नाही

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हा सगळ्यांत प्रामाणिक संदेश. फाइलचं नाव समोर असतं. डेबियन, उबुंटू आणि अल्पाइनवर हेडर्स 'डेव्ह' शेपटाच्या पॅकेजमध्ये असतात, फेडोराकडे 'डेव्हेल' शेपटाच्या, आणि आर्चवर सहसा मूळ पॅकेजातच. नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा फाइलवरून पॅकेज शोधा: डेबियनच्या घराण्यात 'एपीटी-फाइल सर्च', फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स', आर्चवर 'पॅकमॅन डॅश एफ'. दुसऱ्या यंत्रावरची हेडर फाइल उचलून इकडे आणू नका. हेडर एका आवृत्तीची आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची झाली की बिल्ड होतं, पण चालताना मेमरीची मांडणी चुकते, आणि तो दोष शोधण्यात अख्खे दिवस जातात.

फाइल आहे, तरी सापडत नाही, असंही होतं. फ्रीटाइपच्या हेडर्स 'फ्रीटाइप२' या उपफोल्डरात असतात, लिबएक्सएमएल२ च्याही स्वतःच्या उपफोल्डरात. पीकेजी-कॉन्फिगला 'सीफ्लॅग्ज' विचारून मिळणारं उत्तर कम्पायलरला दिलं की काम होतं. बीएसडीवरून आलेल्या मेकफाइलमध्ये '/यूएसआर/लोकल/इन्क्लूड' आणि अ‍ॅपलच्या नव्या यंत्रांवरून आलेल्यात '/ऑप्ट/होमब्रू' असा मार्ग सरळ लिहिलेला असतो. तो तसाच ठेवून लिनक्सवर त्या नावाचे फोल्डर बनवू नका. त्या ओळीच्या जागी पीकेजी-कॉन्फिगचं उत्तर घाला. बीएसडीची मेकफाइल जीएनयू मेकला समजतच नसेल तर 'बीमेक' हे पॅकेज बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये आहे.

काही हेडर्स मात्र लिनक्सवर नाहीतच, आणि पोर्टिंगचा खरा विचार तिथे करावा लागतो. पॅकेज शोधत बसण्यात अर्थ नाही, पर्याय निवडावा लागतो. 'सिस/इव्हेंट' म्हणजे बीएसडीची केक्यू, फाइल्स-सॉकेटवर काही घडलं की कळवणारी यंत्रणा. एक तर लिबकेक्यू ही जुळवून घेणारी लायब्ररी वापरा किंवा तो भाग लिनक्सच्या तशाच यंत्रणेवर, ईपोलवर लिहा. प्रोग्राम छोटा असेल तर मी दुसरा मार्ग घेतो, कारण मध्ये आणखी एक थर आला की तोही सांभाळावा लागतो. 'सिस/सिसकंट्रोल' ही हेडर जीलिबसीच्या (बहुतेक लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या) २.३२ मध्ये, म्हणजे २०२० साली काढली गेली. तीतून घेतली जाणारी माहिती आता 'सिसकॉन्फ' किंवा '/प्रॉक' मधून घ्यायची. त्याच आवृत्तीत सन आरपीसीचा (दुसऱ्या यंत्रावरचं फंक्शन बोलावण्याच्या पद्धतीचा) भागही गेला, त्याची जागा लिबटीआयआरपीसीने घेतली. 'मेजर' आणि 'मायनर' हे उपकरणांचे क्रमांक काढणारे मॅक्रो जीलिबसी २.२८ पासून 'सिस/सिसमॅक्रोज' स्वतंत्रपणे घेतल्याशिवाय मिळत नाहीत. ओपनबीएसडीच्या 'प्लेज' आणि 'अनव्हेल'ला थेट जोड नाही. तिथे रिकामं फंक्शन घातलं की बिल्ड होतं, पण प्रोग्रामचं एक सुरक्षाकवच आपण काढलंय हे लोकांना कळेल असं स्पष्ट लिहून ठेवा.

'एसटीआरएलसीपीवाय'सारखी बीएसडीची स्ट्रिंग फंक्शन्स जीलिबसीमध्ये २.३८ पासून, म्हणजे २०२३ पासून आहेत, यादृच्छिक आकडे देणारं 'एआरसी४रँडम' २.३६ पासून. त्याआधीच्या प्रणालींसाठी लिबबीएसडी आहे. तिचं 'लिबबीएसडी-ओव्हरले' हे मॉड्यूल पीकेजी-कॉन्फिगमधून घेतलं तर सोर्समधल्या इन्क्लूड ओळी बहुधा बदलाव्या लागत नाहीत.

इथे एक इशारा कळकळीने देतो. फंक्शनची घोषणा सापडली नाही तर जुना जीसीसी हा कम्पायलर फक्त इशारा देई आणि ते फंक्शन पूर्णांक परत करतं असं गृहीत धरी. ६४ बिटी यंत्रावर ते फंक्शन खरं तर पॉइंटर परत करत असेल तर त्याचा अर्धा भाग छाटला जातो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. २०२४ च्या जीसीसी १४ पासून सी भाषेत ही एरर आहे. ती बंद करणारे पर्याय देऊन पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा एक राहिलेली इन्क्लूड ओळ घालून किंवा '_जीएनयू_सोर्स' हा मॅक्रो सुरुवातीला देऊन प्रश्न मिटतो. सी++ मध्ये असाच एक प्रकार आहे: जीसीसी १३ पासून 'यूइंट३२_टी' ओळखत नाही असं आलं तर 'सीएसटीडीइंट' ही हेडर घाला. आधी ती दुसऱ्या हेडरच्या पोटातून आपोआप येत होती.

लिंकरची तक्रार

लिंकर दोन वेगळ्या गोष्टी बोलतो. 'कॅनॉट फाइंड' म्हणाला तर त्याला लायब्ररीची फाइलच मिळालेली नाही. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणाला तर फंक्शनची व्याख्या मिळालेली नाही.

पहिल्यात बरेचदा गंमत वाटावी अशी स्थिती असते: 'एसओ.६' अशी आवृत्तीसकटची फाइल डोळ्यांसमोर असते, पण लिंकरला आवृत्तीविना नुसत्या 'एसओ' नावाची फाइल हवी असते. ती सिम्लिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, 'डेव्ह' पॅकेजमध्ये येते. हाताने बनवू नका, पॅकेज टाका. उलट 'आयकॉन्व्ह' किंवा 'इंटल' सापडत नाही म्हणून अडलं तर काहीच टाकायचं नाही: जीलिबसीमध्ये ही दोन्ही कामं मूळ लायब्ररीतच आहेत, तेव्हा ती नावं लिंकच्या ओळीतून काढा.

दुसऱ्यात आधी क्रम तपासा. जीएनयू लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. स्थिर, म्हणजे प्रोग्राममध्येच मिसळल्या जाणाऱ्या लायब्ररीतून तोपर्यंत मागितलेल्या गोष्टीच उचलतो. म्हणून ऑब्जेक्ट फाइल्स आधी, लायब्रऱ्या नंतर. उबुंटूवर 'अ‍ॅज-नीडेड' हे वागणं (तोपर्यंत न लागलेली लायब्ररी सोडून देणं) मुळातच चालू असल्यामुळे उलटा क्रम सामायिक, म्हणजे प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीलाही बाधतो. दुसऱ्या डिस्ट्रोवर होणारं बिल्ड तिथे अडण्याचं हे नेहमीचं कारण. क्रम बरोबर असेल तर फंक्शन नेमकं कोणत्या लायब्ररीत आहे ते 'एनएम डॅश डी' ने शोधा. गणिताची फंक्शन्स असतील तर 'डॅश एलएम' राहिलंय. संदेशात 'डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन' असेल तर लिंकरला लायब्ररी माहीत आहे, पण तुम्ही तिचं नाव स्वतः दिलेलं नाही. नाव द्या, संपलं.

सी++ च्या लांबलचक नावात 'सीएक्सएक्स११' दिसलं तर थांबा. जीसीसी ५ पासून प्रमाणित स्ट्रिंगची अंतर्गत मांडणी बदलली. एक भाग जुन्या मांडणीने आणि दुसरा नव्याने कम्पाइल झालाय. सगळं एकाच कम्पायलरने पुन्हा बांधणं हाच नीट उपाय.

'मल्टिपल डेफिनिशन' हे याच्या उलट. जीसीसी १० पासून हेडरमध्ये 'एक्स्टर्न'शिवाय लिहिलेलं जागतिक चल प्रत्येक फाइलमध्ये वेगळं धरलं जातं. 'एफकॉमन' पर्यायाने तात्पुरतं निभावतं. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' घालून व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवली की कायमचं सुटतं.

बिल्ड झालं, पण सुरू होत नाही

'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' हा लोडरचा संदेश आहे, सोर्सला हात लावू नका. 'एलडीडी' ने काय सापडत नाही ते दिसतं. मात्र अनोळखी बायनरीवर ते चालवू नका, तिथे 'रीडएल्फ डॅश डी' वापरा. लायब्ररी '/यूएसआर/लोकल/लिब' मध्ये टाकली असेल तर 'एलडीकॉन्फिग' चालवायचं राहिलेलं असतं, किंवा त्या डिस्ट्रोच्या लोडरच्या यादीत तो मार्ग नसतो. 'एलडी_लायब्ररी_पाथ' चाचणीपुरता ठीक. सोबत लायब्ररी द्यायचीच असेल तर बायनरीत 'ओरिजिन' वर (बायनरीच्या स्वतःच्या फोल्डरावर) आधारलेला रनपाथ, म्हणजे लायब्ररी शोधायचा मार्ग घाला. 'एसओ.३' ला 'एसओ.१' असं नाव देणारी सिम्लिंक कधीही करू नका. तो आकडा बदलला याचा अर्थच मुळात जुन्या प्रोग्रामशी पटत नाही असा आहे.

'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' असं दुसऱ्या यंत्रावर आलं तर बिल्ड त्याच्यापेक्षा नव्या प्रणालीवर झालंय. ज्यांना आधार द्यायचा त्यांतल्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा.

आवृत्ती जुळत नाही तेव्हा

डिस्ट्रोकडे जुनी लायब्ररी आहे आणि प्रकल्पाला नवी हवी, हे सोपं प्रकरण. नवी लायब्ररी स्वतः बांधून आपल्या होम फोल्डरातल्या वेगळ्या प्रीफिक्समध्ये, म्हणजे स्वतंत्र फोल्डरात टाका आणि 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' व 'सीमेक_प्रीफिक्स_पाथ' तिकडे वळवा. '/यूएसआर' मध्ये डिस्ट्रोच्या फाइल्सवर ती लिहू नका. पॅकेज मॅनेजरला ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला दोन्ही बिघडतात.

उलटं प्रकरण अवघड. कोड ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.० च्या काळातला आणि यंत्रावर ३.०. २०१६ च्या १.१.० पासून आतल्या रचनांना थेट हात लावता येत नाही, त्यामुळे 'इनकम्प्लीट टाइप' अशा एररची रांग लागते. जुनी ओपनएसएसएल खोदून आणण्याचा मोह टाळा, १.१.१ चा सार्वजनिक आधारही सप्टेंबर २०२३ मध्ये संपला आहे. डेबियन, फेडोरा किंवा जेन्टूच्या पॅचेसमध्ये हे काम झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे, आधी तिथे पाहा. नाहीतर एकेक फील्डच्या जागी त्याचं 'गेट' किंवा 'सेट' फंक्शन घालत जा. काम कंटाळवाणं आहे, पण सरळ आहे.

आणि ती डिपेन्डन्सी खरंच हवी का तेही पाहा. 'कॉन्फिगर'ला 'हेल्प' विचारा, सीमेकचे 'ऑप्शन' वाचा. कागदपत्रं बनवणारं साधन, एखाद्या जुन्या ध्वनिप्रणालीचा आधार, चाचण्या, हे पहिल्या बिल्डसाठी बंद ठेवता येतं. आधी लहानात लहान रूप चालू करा, मग एकेक भाग जोडा.

विंडोजवरून आलेल्या कोडबद्दल थोडक्यात: इन्क्लूड ओळींतली अक्षरं लहान-मोठी तंतोतंत जुळवा, मार्गातल्या उलट्या तिरक्या रेघा सरळ करा आणि स्क्रिप्टमधले विंडोजचे ओळशेवट काढा, नाहीतर 'बॅड इंटरप्रिटर' येतं. ६४ बिटी विंडोजवर 'लाँग' ३२ बिटांचा आहे, लिनक्सवर ६४ बिटांचा. 'डब्ल्यूकॅर_टी' तिकडे दोन बाइट, इकडे चार. या दोन फरकांवर कम्पायलर गप्प राहू शकतो, म्हणून फाइलमध्ये लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या रचना स्वतः तपासा.

शेवटची तपासणी

प्रत्येक पॅकेज टाकताना ते कोणत्या एररसाठी टाकलं ते एका ओळीत लिहीत जा. बिल्ड झालं की कंटेनर मोडा, नवा घ्या, फक्त त्या यादीतली पॅकेजं टाका आणि पहिल्यापासून बिल्ड करा. इथे काहीतरी राहिलेलं हमखास सापडतं. मग दुसऱ्या घराण्याच्या डिस्ट्रोवर तेच करा. वेळ असेल तर अल्पाइनवरही: तिथे जीलिबसीऐवजी मसल ही दुसरी सी लायब्ररी असल्यामुळे 'एफटीएस'सारखी (फोल्डरांमधून फिरणारी फंक्शन्स) जीलिबसीकडून मिळणारी आयती मदत नसते, आणि आपण लिनक्ससाठी लिहिलंय की जीलिबसीसाठी ते लगेच दिसतं. जे बदल करावे लागले ते एका बदलाला एक पॅच अशा रूपात मूळ प्रकल्पाकडे पाठवा, आणि प्रत्येकासोबत ती पहिली एरर जशीच्या तशी जोडा.